मधोमध झोप, मामा

गाद्यांच्या दुकानात बोलण्यापेक्षा गप्प राहणं जास्त कामाला येतं, असं मामांचं मत होतं. गिऱ्हाईक यायचं, दोन-चार गाद्या तळहाताने दाबून बघायचं आणि तिथेच अडायचं. परक्या ठिकाणी, चार माणसांदेखत बूट काढून आडवं व्हायचं म्हणजे संकोच वाटणारच. मामा त्याला एकच प्रश्न विचारायचे, "कोणत्या बाजूला झोपता?" मग त्याला त्याच बाजूला आडवं करायचे आणि स्वतः पाठ फिरवून काचेतून रस्त्याकडे बघत उभे राहायचे. तोंडातून अवाक्षर नाही. मागे गादीवरच्या प्लॅस्टिकची चुरचुर आधी जोरात होई, मग मंद होई, मग थांबे. श्वास लांबला की मामा वळायचे. त्याआधी नाही. ही पद्धत त्यांना कुणी शिकवली नव्हती. मालक लोकांना सांगायचे, "हा माणूस पाठीने गाद्या विकतो."

आणि हा माणूस घरी खुर्चीत झोपायचा.

मामी गेल्या त्याला दोन वर्षं होत आली होती. महिन्याभराच्या आत मामांनी डबल बेडची गादी कुणाला तरी देऊन टाकली, पलंग खोलला आणि फळ्या भिंतीला टेकवून उभ्या केल्या. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी हातांची खुर्ची होती, तीत बसून, पायांखाली स्टूल घेऊन ते रात्र काढायचे. "पाठीला बरं पडतं," म्हणायचे. त्यांची बहीण फोनवर चिडायची.

"दादा, अरे दिवसभर गाद्या विकतोस आणि खुर्चीत झोपतोस! लोक काय म्हणतील?"

"काही म्हणत नाहीत. लोक झोपलेले असतात तेव्हा."

धड झोप नसली की धड जागही नसते. मामांना जगाच्या कडा जरा पुसट दिसायला लागल्या होत्या. दुपारी ऊन काचेतून आत आलं की ओळीने मांडलेल्या पांढऱ्या गाद्या जागच्या जागी हलकेच डुलतायत, धक्क्याला बांधलेल्या होड्यांसारख्या, असं त्यांना वाटे. त्याची भीती वाटत नसे. उलट बरं वाटे. एकदा ते एका गिऱ्हाइकाला म्हणाले, "सावकाश, पाय ओला होईल."

गल्ल्यावर बसणाऱ्या बाईंनी मान वर केली. या बाई मामांच्या बरोबरीच्या, जिभेला धार, आणि आपल्याला विक्रीला न घेता गल्ल्यावर बसवून मालकांनी दुकानाचं नुकसान केलं असं त्यांचं ठाम मत. गिऱ्हाईक गेल्यावर त्यांनी विचारलं, "मामा, पाणी कुठं होतं हो?"

"आत्ताच फरशी पुसली ना."

"कुणी पुसली?"

मामांनी फरशीकडे पाहिलं. ती कोरडी होती. "वाळली वाटतं," ते म्हणाले.

मामांच्या घरी त्यांची भाची राहायला आली ती सिनेमाचं शिकायला. कॉलेज याच शहरात, मामाचं घर रिकामं, वसतिगृहात कशाला पैसे घालवायचे, असं ठरलं. मुलगी बडबडी आणि हट्टी. मामांच्या खुर्चीबद्दल तिने आल्या आल्या एकदा विचारलं, उत्तर मिळालं नाही, मग विचारायचं सोडलं. स्वयंपाकघरातला नळ ठिपकत असायचा त्याबद्दल मात्र ती रोज विचारायची. "मामा, नळवाल्याला बोलाव ना." मामा म्हणायचे, "बोलावतो." नळ ठिपकत राही. मामा तिला 'दिग्दर्शकबाई' म्हणायचे. आधी चिडवायला, मग सवयीने.

दुसऱ्या वर्षाला तिला एक काम मिळालं. जो सिनेमा अस्तित्वातच नाही त्याचा ट्रेलर करायचा, आणि प्रेरणा घ्यायची एखाद्या ब्लॅक कॉमेडीवरून. शेवटच्या वर्षी कुणी दिग्दर्शन करायचं आणि कुणी दुसऱ्यांचे दिवे धरायचे, हे त्यावर ठरणार होतं. कॉलेजातल्या सरांनी बजावलं होतं, "प्रेरणा म्हणजे नक्कल नव्हे. सिनेमात नको तिथे हसू कुठे आलं, तेवढं फक्त उचला. बाकी सगळं जागच्या जागी ठेवून या."

म्हणून एका सुट्टीच्या सकाळी तिने लॅपटॉप स्टुलावर ठेवला आणि मामांना शेजारी बसवलं. सिनेमा जुना, कुठल्या तरी लांबच्या देशातला, खाली अक्षरं. एक मोठं कुटुंब फोटो काढायला जमतं. मधल्या खुर्चीत आजोबा. फोटोवाला तिरक्या उभ्या असलेल्यांना सरळ करतो, रडणाऱ्या पोरांना गप्प करतो, आणि तेवढ्यात आजोबा बसल्या जागी मरतात. कुणाच्या लक्षात येत नाही. थोरला मुलगा त्यांच्या कानाशी वाकून घराच्या वाटणीचं बोलायला लागतो. उत्तर येत नाही. मुलगा तापतो. "बाबा, तुमचं हे नेहमीचंच! गैरसोयीचं विचारलं की गप्प बसायचं!"

भाचीला हसू आलं नाही. तिला वाटलं, ठीक आहे, जरा लांबवलंय. मग तिला शेजारून आवाज आला. मामा हसत होते. आधी नाकातून, मग खांदे हलायला लागले, मग डोळ्यांतून पाणी. त्यांनी एका हाताने खुर्चीचा हात घट्ट धरला होता. तिने सिनेमा थांबवला.

"मामा? पाणी देऊ?"

त्यांनी हातानेच नको म्हटलं. थांबायला त्यांना बराच वेळ लागला.

कारण असं होतं. मामी गेल्या त्या सकाळी मामा नेहमीसारखे डाव्या बाजूने उठले होते. चहा केला. मामींचा कप त्यांच्या उशाशी ठेवला, पलंगाच्या काठावर बसले आणि नळाचं सांगायला लागले. वॉशर गेलाय, नळवाला दोनदा सांगूनही आला नाही, आता दुसरा बघावा का. मामी भिंतीकडे तोंड करून होत्या. मामा म्हणाले, "ऐकतेस ना?" मग म्हणाले, "तुला काही सांगायचं म्हणजे भिंतीशी बोलायचं." कपातल्या चहावर साय धरली तेव्हा तो आत नेऊन त्यांनी पुन्हा गरम केला, पुन्हा आणून ठेवला, आणि मग खांद्याला हात लावला.

हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगणार तरी काय, की मी मेलेल्या बायकोशी भांडलो आणि तिचा चहा दोनदा गरम केला? यात हसण्यासारखं काही असेल हे त्यांच्या मनाला कधी शिवलंही नव्हतं. आता खालची अक्षरं वाचताना त्यांना सुचलं, की तिला सांगता आलं असतं तर ती पोट धरून हसली असती. आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत बसली असती.

भाचीला यातलं काही माहीत नव्हतं. तिने एवढंच टिपलं की मामा कुठे हसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासता घासताच ती बाहेर आली. "मामा, सुचलं! गाद्यांचं दुकान. एक गिऱ्हाईक येतं, बघायला म्हणून आडवं होतं, आणि मरतं. विकणाऱ्याला पत्ताच नाही. तो आपला पाठ करून उभा."

मामांच्या हातातला चमचा थांबला. "मग?"

"मग तो वळतो. म्हणतो, वा, काय गाढ झोप लागलीय! बाकीच्या गिऱ्हाइकांना बोलावून दाखवतो. बघा, गादी असावी तर अशी. खप वाढतो. रांगा लागतात. मालक म्हणतात, याला उठवू नका."

"आणि त्यांना कळतं कधी?"

"ते सिनेमात. ट्रेलरमध्ये सांगायचं नसतं."

मामांनी चहा ढवळला. तो आधीच ढवळलेला होता. "तोंड धुऊन ये," ते म्हणाले. आणि ती वळल्यावर म्हणाले, "मालकांना मी विचारतो."

मालकांनी एका अटीवर हो म्हटलं. दुकानाची पाटी दिसली पाहिजे. मेलेल्या गिऱ्हाइकामुळे बदनामी होईल का, हे त्यांच्या डोक्यात आलंच नाही. ते एवढंच म्हणाले, "रांगा दाखवणार ना? मग दाखवा."

दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी भाची आणि तिचा वर्गमित्र लांबू कॅमेरा घेऊन आले. लांबूला लांबू म्हणायचं कारण दारातून येताना दिसत होतं. विकणाऱ्याचं काम गल्ल्यावरच्या बाईंनी मागून घेतलं होतं. मामांनी आनंदाने सोडलं होतं. त्या ठेवणीतले कपडे घालून आल्या होत्या, आणि मामांना त्यांनी गल्ल्यावर बसायला सांगितलं, "एक दिवस कळू दे." प्रेताचं काम वर्गातला एक मुलगा करणार होता. तो येईना. लांबूने फोन लावला आणि चेहरा पाडून सांगितलं, "प्रेताला ताप आलाय."

"मरू दे त्याला!" भाची म्हणाली.

"ते आता त्याच्याच्याने होणार नाही असं म्हणतोय."

भाचीने दुकानभर नजर फिरवली. मालक आलेले नव्हते. लांबू गादीवर मावणार नव्हता, शिवाय कॅमेरा त्याच्याकडे. तिची नजर गल्ल्यावर येऊन थांबली. मामांना ती येताना दिसली. त्यांना वाटलं, ती फार लांबून, पाण्यावरून चालत येतेय.

"मामा, नुसतं आडवं पडायचं."

इतकी वर्षं या दुकानात काढून मामा एकाही गादीवर कधी आडवे झाले नव्हते. विकणाऱ्याने आडवं व्हायचं नाही, तळहाताने सांगायचं, हा त्यांचा नेम. आणि गेली दोन वर्षं तर ते कुठेच आडवे झाले नव्हते.

"एखादी खुर्ची नाही का चालणार?" त्यांनी विचारलं. "मागच्या सिनेमातल्या आजोबांसारखं?"

"ती नक्कल होईल ना, मामा!" भाचीचा आवाज रडवेला झाला होता. "आज नाही झालं तर मी वर्षभर दिवे धरणार."

मामांनी बूट काढले. जोडून ठेवले. दुकानाच्या मध्यावर नव्या फोमची सगळ्यात रुंद गादी मांडली होती. तिची ख्याती अशी, की एकाने कितीही कुशी बदलल्या तरी दुसऱ्याला कळत नाही. मामा काठावर बसले, पाय वर घेतले आणि आडवे झाले. छत त्यांनी या बाजूने कधी पाहिलं नव्हतं. दोन दिव्यांच्या मध्ये एक जुना फुगा अडकून आक्रसला होता. कुठल्या वर्षाचा कोण जाणे.

"मामा, मधोमध," भाची म्हणाली.

ते सरकले.

"अजून."

ते सरकले. तिने कॅमेऱ्यात पाहिलं. "मामा, तू काठालाच आहेस. एवढी गादी मोकळी सोडलीयेस. मधोमध झोप."

"मधोमधच आहे."

लांबूने पुढे होऊन त्यांना खांद्याला धरून सरकवलं. कॅमेरा सुरू झाला. बाई वाक्य म्हणत होत्या तेवढ्यात प्रेत आपसूक तसूतसूने डावीकडे निघालं आणि काठाशी जाऊन थांबलं. पुन्हा घेतलं. पुन्हा तेच. मामांना स्वतःला ते कळतही नव्हतं. बाई म्हणाल्या, "मेल्यावरसुद्धा कुणाला जागा करून देताय एवढी?"

बोलून गेल्यावर बाईंना कळलं, आपण काय बोललो. भाची कॅमेऱ्यापाशी तशीच उभी राहिली. भिंतीला टेकवलेल्या पलंगाच्या फळ्या ती रोज ओलांडून जायची. खिडकीपाशी खुर्ची. मामा रोज डाव्या हाताला बसायचा, सोफ्यावर, बाकावर, रिक्षातसुद्धा.

"राहू दे तिथेच," ती म्हणाली. "उजवीकडची जागा मोकळीच ठेवू. तसंच घेऊ."

बाईंनी घसा खाकरला आणि कॅमेऱ्यामागच्या, नसलेल्याच गिऱ्हाइकांना सांगायला सुरुवात केली, "या, या, अशी झोप कधी पाहिलीत? ही आमची खास काथ्याची गादी..."

"फोम," प्रेत म्हणालं.

"कट! मामा!"

"अगं पण ती फोमची आहे. काथ्यावर असं रुतत नाही माणूस."

"तू मेलायस!"

"हो, पण गिऱ्हाईक फसेल."

लांबू कॅमेरा सोडून खाली बसून हसत होता. पुढच्या वेळी बाईंनी मुद्दामच गॅरंटीची वर्षं चुकवून सांगितली. प्रेताच्या भुवया वर गेल्या, पण ते बोललं नाही. त्याच्या पुढच्या वेळी बाई ही गादी उन्हात टाकलेली चालते म्हणाल्या आणि प्रेत उठून बसलं. "काहीही काय सांगताय! फोम आणि ऊन?"

दुपार झाली. मधल्या गादीवरचं ऊन सरकलं. लांबू म्हणाला, "उजेड आता फक्त काचेपाशी आहे. त्या जुन्या गादीवर घेऊ."

काचेपाशी एक स्प्रिंगची जुनी गादी होती. वरचं प्लॅस्टिक पिवळं पडलेलं. रस्त्यावरून दिसायला म्हणून मांडलेली, आता कुणी विचारतही नसे. या जातीच्या गादीत एक जण हलला की दुसरा झोपाळ्यावर बसल्यासारखा हलतो. घरची गादी अशीच होती. मामा तिच्या डाव्या बाजूला आडवे झाले. प्लॅस्टिक चुरचुरलं. उन्हाने ते कोमट झालं होतं.

या वेळी भाचीला एक नवं सुचलं होतं. विकणारी बाई गिऱ्हाइकांना पटवायला स्वतःच शेजारी आडवी होते आणि म्हणते, बघा, मी आले तरी याची झोप मोडली नाही. बाई म्हणाल्या, "माझ्या नवऱ्याला हे दाखवू नका म्हणजे झालं," आणि चपला काढून उजव्या बाजूला हळूच टेकल्या, मग आडव्या झाल्या.

स्प्रिंगा दबल्या. उजवीकडे खळगा पडला. मामांचं अंग आपोआप थोडंसं त्या बाजूला कललं.

मामांनी डोळे मिटलेलेच होते. त्यांना काही सुचलं नाही, काही आठवलं नाही. फक्त शेजारी वजन होतं, आणि आपण त्याच्याकडे कललो आहोत, आणि काठ लांब आहे. होडी धक्क्यावरून सुटावी तसं काहीतरी झालं.

"बघा," बाई छताकडे बघून म्हणाल्या, "मी आले, तरी झोप मोडली?" त्यांनी कूस बदलली. गादी डुलली. "बघा, हलले, तरी मोडली?"

प्लॅस्टिकची चुरचुर मंद होत थांबली होती. भाचीला ते सगळ्यात आधी ऐकू आलं, कारण मामांच्या घरी राहून ती तेवढं शिकली होती. मग श्वास लांबला. तिने ओठांवर बोट ठेवलं आणि पाठ फिरवली. काचेतून रस्त्याकडे बघत उभी राहिली. लांबूला काही कळलं नाही, पण कॅमेरा तसाच सोडून तोही तिच्याशेजारी काचेपाशी जाऊन पाठमोरा उभा राहिला. कॅमेरा चालूच होता. बाई तशाच पडून राहिल्या. उठलं तर गादी हलेल, एवढं त्यांनाही कळत होतं. इतकी वर्षं गल्ल्यावर बसून त्यांनी हेच तर पाहिलं होतं.

"पण प्रेत श्वास घेतंय," लांबू कुजबुजला.

"घेऊ दे," भाची म्हणाली.

मामा उठले तेव्हा शटर अर्धं खाली ओढलेलं होतं आणि काचेवरचं ऊन गेलं होतं. बाई आणि लांबू चहाला गेले होते. भाची पायथ्याशी फरशीवर बसून फोनवर काहीतरी बघत होती. मामांनी उजवीकडे हात टाकला. प्लॅस्टिक सपाट झालं होतं. त्यांनी हात तिथेच राहू दिला.

"झालं का तुमचं?" त्यांनी विचारलं.

"कधीच."

"मला उठवायचं नाही का?"

"मालक म्हणाले, याला उठवू नका."

मामा छताकडे बघत होते. "नळवाल्याला सांगायला हवं गं," ते म्हणाले. "वॉशर गेलाय."

"मी रोज सांगते."

"हो. तुझ्या मामीलाही सांगितलं होतं मी." आणि ते पुन्हा नाकातून हसले. थोडंसंच.

कॉलेजात ट्रेलर दाखवले तेव्हा मामा आणि गल्ल्यावरच्या बाई शेवटच्या रांगेत बसले होते. भाचीच्या ट्रेलरमध्ये काथ्या-फोमचं भांडण तसंच ठेवलं होतं. मेलेल्या गिऱ्हाइकाने "फोम" म्हटल्यावर पोरं बाकं बडवायला लागली. मग शेवटचं दृश्य आलं. डावीकडे प्रेत, उजवीकडे बाई, मागे पाठमोरी उभी दोन माणसं, त्यात एक फार उंच, आणि गादीवरून हळूहळू सरकत जाणारं ऊन. ते जरा लांबलं. हसणं थांबलं. कुणीतरी मधूनच पुन्हा हसलं, पण वेगळ्या तऱ्हेने. मामांनी आपल्या झोपेचा चेहरा पहिल्यांदाच पाहिला. तोंड किंचित उघडं होतं.

सर म्हणाले, "प्रेत श्वास घेतंय. ही चूक आहे." मग म्हणाले, "पुन्हा लावा." वर्षाअखेर भाचीला दिग्दर्शन मिळालं का, तर मिळालं. सर मात्र ती चूक शेवटपर्यंत चूकच म्हणत राहिले.

बाई बाहेर पडताना मामांना म्हणाल्या, "आता मालकांना सांगा, मला विक्रीला घ्या. मुडदासुद्धा बोलला माझ्यापुढे."

पुढच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी काचेपाशची स्प्रिंगची गादी टेम्पोतून मामांच्या घरी आली. मालकांनी ती सहज देऊन टाकली, तशीही विकली जात नव्हती. लांबूने पलंगाच्या फळ्या जोडल्या. एक स्क्रू जास्त उरला, तो कशाचा हे कुणालाच कळलं नाही. लांबू गेल्यावर घरात दोघंच उरली. मामा उभ्यानेच गादीकडे बघत होते. तळहाताने त्यांनी ती एकदा दाबली.

भाचीने चेहरा सरळ केला. "काय साहेब, कोणत्या बाजूला झोपता?"

"डाव्या."

"मग या ना असे. बूट काढून."

"घरात कुठले बूट?" मामा म्हणाले, पण आले. आधी काठावर बसले, मग पाय वर घेतले.

भाचीने पाठ फिरवली. खिडकीखालून एक सायकलवाला गेला, मग एक बाई हातात दोन पिशव्या घेऊन गेली. मागे प्लॅस्टिक चुरचुरत होतं. कुणी ते काढलंच नव्हतं. स्वयंपाकघरातून नळाचा आवाज येत नव्हता. चुरचुर मंद झाली, पुन्हा वाढली, बराच वेळ चालू राहिली. एकदा स्प्रिंग करकरली, म्हणजे मामा सरकले. कुठल्या बाजूला, हे पाठीने कळण्याइतकी ती अजून तयार झाली नव्हती.

मग चुरचुर थांबली. ती तरीही वळली नाही. पिशव्यांवाली बाई कोपऱ्यावर जाऊन वळेपर्यंत ती तिच्याकडेच बघत राहिली.